शेवटच्या सायकलीमागे

बेलमलेटहून निघाल्या एकेचाळीस सायकली
आणि त्यांच्यामागे माझी पावाची व्हॅन.
पाव घरी उतरवले होते, वास काही उतरला नव्हता.
ट्यूबा, पंप, केळी, चिकटपट्ट्या,
सगळ्याला तीन दिवस यीस्टचा वास.

मला काम एकच:
जो सगळ्यांत शेवटी, त्याच्याही मागे राहायचं.
ओलांडायचं नाही. हॉर्न मारायचा नाही.

इथला वारा वर्षभर समुद्राकडून येतो,
पाठीवर हात ठेवून माणसाला डब्लिनकडे ढकलतो,
असं डर्व्हलानं सभेत ठासून सांगितलं होतं.
त्या सकाळी तो पूर्वेकडून आला.
डर्व्हला मान खाली घालून पॅडल मारत राहिली.

शेवटी होता मॅलकी लॅव्हेल, खाटीक, वय एकसष्ट,
सायकल मेहुण्याची, सीट दोन बोटं उंच.
बँगरच्या पुढे, काळ्या पीटच्या उघड्या रानात
मी काच खाली केली, म्हटलं, बसा आत.
"नोरा गॉन मैलाला दोन युरो देणार आहे," तो धापा टाकत म्हणाला,
"पायानं तुडवलेल्या मैलाला."
नोराला कोण सांगणार?
"मीच सांगेन ना! तोंडात तीळ भिजत नाही माझ्या."

क्रॉसमोलिनाला प्रार्थना नुकतीच सुटली होती.
बादलीत चिल्लर पडली, एक नोट, एक कोटाचं बटण.
एका मुलीनं अख्खी पर्स उपडी केली,
मग विचार करून
आइस्क्रीमपुरतं एक नाणं परत काढून घेतलं.

लाँगफर्डला चर्चच्या हॉलमध्ये गाद्या मांडलेल्या.
घोरण्याचा नुसता बाजार.
रात्री पाण्याला उठले तर मॅलकीची गादी तशीच,
घडीसुद्धा मोडलेली नाही.
त्यानं दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या होत्या,
अंगावर कोट, गुडघे पोटाशी,
आणि एक हात बाहेर, हवेत,
कशाच्या तरी गजावर ठेवल्यासारखा.

सकाळी म्हणाला, "सवय.
तेवीस रात्री काढल्यात अशा. पोरगं चार वर्षांचं होतं."
माझा चहा हातातच राहिला.
"आता दोन मुलांचा बाप आहे तो," मॅलकी म्हणाला,
"काल फोनवर ओरडत होता, या वयात सायकल कसली म्हणून."

डब्लिनला पोचलो तेव्हा दुपारचे तीन.
दारातच निरोप: मुलं झोपलीत,
घंटी नको, टाळ्या नकोत.
मग सगळे उतरले, सायकली हातात धरून चालत आत आले,
एकेचाळीस चाकांची बारीक टिकटिक,
एखादं भलंमोठं घड्याळ
दबक्या पावलांनी कुणी घरात नेतंय जणू.
वर एका खिडकीत एक टक्कल उठून उभं राहिलं,
बोटानं मोजू लागलं,
चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.

मेट्रननं हळू आवाजात सांगितलं, या पैशांतून
एकोणीस पलंग येतील, भिंतीत घडी होणारे,
रात्री थांबणाऱ्या आईबापांसाठी.
बाकीचे माना डोलावत होते.
मॅलकीनं विचारलं, "लांबी किती?"
ती गोंधळली. कागद उलटला. सहा फूट, म्हणाली.
"मग पाय मावतील."

परत येताना तो मुकाट व्हॅनमध्ये बसला,
परतीच्या मैलांवर नोराचा हक्क नव्हता.
किनेगाडच्या आधीच त्याची मान कलली
आणि तो हात आला बाहेर,
येऊन टेकला गिअरच्या दांड्यावर.

मी मलिंगरपर्यंत
तिसऱ्यावरच चालवली.