अठ्ठावीस घरं

वरुडच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या लादून झाल्या
की रुपराव खिशातून ब्रिक गेम काढतो.
डावं बटण मेलेलं,
सगळा डाव उजव्या भिंतीला टेकतो.

भाची श्रावस्ती सांगते, मामा,
मॉस्कोतल्या ज्या मशीनवर हा जन्मला
तिला चित्रच काढता येत नव्हतं,
नुसत्या कंसांचे ठोकळे पडायचे.
"माह्यासारखीच," तो म्हणतो,
"मले सही नाई येत, अंगठ्यावर चालते."

आणि नागमोडी तुकडेच येत राहिले, डावे-उजवे,
तर कितीही हुशार असो, हरतोच.
यावर तो गप्प.

मग तिने पुठ्ठ्यातून सातही आकार कापले,
चार-चार घरांचे.
चार बाय सातची चौकट आखली. बसवा.

अकरा वाजले. ड्रायव्हर हॉर्न देऊन झोपला.
तेव्हा तिने घरं रंगवली, काळं, पांढरं, काळं:
सहा तुकडे दोन-दोन घेतात,
वखरासारखा तो एकटा, तीन आणि एक.
जुळतच नाही, मामा. कोणालाच.

वखर त्याने खिशात टाकला.

सकाळी वरच्या थरात एका पेटीची जागा रिकामी.
अडत्या ओरडला.
"राहू द्या ना शेठ,
भरली का ओळ गायब होते."