लाभ

पहिल्या रात्री सिस्टरने वजन सांगितलं, नऊशे ऐंशी.
मी विचारलं, कट्टी धरून?
तिला कळलं नाही. जिन्सी तिचं नाव, कोट्टयमची,
मराठी वॉर्डातच शिकलेली:
"पप्पा, हात धुवा. कोपरापर्यंत."

अकरा वर्षं मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
गोणी काट्यावर पडते त्या आवाजावरून
आधी मी आकडा सांगतो, मग काटा सांगतो.
आमचा काटा शंभर ग्रॅमच्या खाली बघत नाही.
इथे नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री दहाला ते तिला नळ्यांसकट उचलतात
आणि सांगतात, पाच वाढले.
परवा वीस गेले होते.
आमच्याकडे एवढं
धूळ म्हणून फुंकून टाकतात.

पाचवीच्या रात्री सासूबाईंनी बाहेरच्या बाकावर
कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं.
वॉचमनने उचलायला लावलं.
सटवाई आली असेल तर
चपला काढून, हिरवा गाऊन चढवून,
कोपरापर्यंत हात धुऊनच आत गेली असेल.
पण लिहिलं कुठे असेल?
कपाळावर टोपी, गालावर चिकटपट्टी,
नाकात नळी, पायाला लाल दिवा.
बोट टेकायला जागा नव्हती.
चार्टवरच लिहून गेली असेल,
डॉक्टरांच्या अक्षरात,
म्हणून मला वाचता येत नाही.

सारिका दर दोन तासांनी पडद्याआड जाते.
वाटीच्या तळाशी दूध, दोन मिलि.
"एवढंच," म्हणते,
चोरी सापडल्यासारखी.
मी वाटी ट्यूबलाइटकडे धरतो, सवयीने.
अगं, एवढ्यात आपली पोरगी दोनदा जेवते.

बारावा दिवस गेला. पेटीवर अजून
बेबी ऑफ सारिका.
गावाहून फोन येतात, नाव काय ठेवलं?
मी म्हणतो, वजन सांगू?

सात नंबरच्या पेटीचा बाप यल्लप्पा,
दिघ्याच्या खाणीवर डंपर चालवायचा.
आम्ही दोघांनी एका चार्जरवर तेहतीस दिवस काढले.
चौतिसाव्या सकाळी सात नंबरवर
धुतलेली चादर.
कुणी काही बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही.
चार्जर माझ्याकडे राहिला.
फोन करावा, नंबर आहे,
पण काय म्हणून?
तुझा चार्जर आहे, असं?

त्या आठवड्यात एका पावतीवर मी लिहिलं
एक्कावन्न किलो, पाच ग्रॅम.
दिवाणजीने चष्मा वर केला,
हणमंता, हे पाच कुठून आले?
काल रात्री आले, म्हणालो.
तो हसला नाही. खोडलंही नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी जिन्सी म्हणाली,
पप्पा, शर्ट काढा.
तीनदा साबण लावला होता,
तरी कांदा जात नव्हता.
तिने खुर्ची मागे कलवली
आणि पोरगी माझ्या छातीवर ठेवली,
वायरींचा गुंता माझ्या खांद्यावरून.
बाराशे दहा. आकडा मला पाठ होता.
पण भार म्हणून काही लागेचना.
ऊब होती,
आणि कुठेतरी नखाएवढी ओल.

आमच्यात मोजताना एक म्हणत नाहीत.
पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन.
एक म्हटलं की एकच राहतं, वडील सांगायचे.
मी तिचे श्वास मोजायला लागलो,
ओठ न हलवता.
लाभ. दोन. तीन. चार.
चौदापर्यंत गेलो.
पंधरावा आला नाही.

मॉनिटर ओरडला.
सारिका उभी राहिली.
जिन्सीने दुसऱ्या पेटीकडे बघत बघतच
इकडे हात लांबवला, तळपायाला
एक टिचकी मारली.
पोरीने तोंड वाकडं केलं,
उठवलं म्हणून रागावल्यासारखं,

आणि माझ्या छातीचे केस हलले.

लाभ.
दोन.