पिवळी वायर

मार्चमध्ये प्लॅट नदीवर क्रौंच उतरले
त्याच आठवड्यात वर्ना हॅस्लरनं गॅरेजचं शटर वाजवलं.
वय एकोणसाठ, एकतीस वर्षं टपाल वाटलेली बाई.
"तू म्हणे वायरी जोडतेस.
अकरा दिवसांत अकरा हजार मैल जायचंय."
हे असं, जणू कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची आहे.

कार्नीत दिवसा मी पिव्हटचे पॅनल जोडते,
मक्याला पाणी देत फिरणारे लोखंडी सांगाडे,
जन्मभर चालतात आणि कुठेच पोचत नाहीत.
संध्याकाळी तिची जुनी होंडा उघडून बसायचे.
मागच्या सीटच्या जागी ॲल्युमिनियमची टाकी.
बसायला मेंढीचं कातडं. पाण्याची पिशवी, नळी हनुवटीपाशी.
नकाशाचे दोन पडदे: एक गेला तर दुसरा,
दुसराही गेला तर टाकीवर चिकटवलेला कागद,
टपालवालीच्या अक्षरात.
आणि जादा दिवे, हरणांसाठी.
"मला ते दिसलं नाही," ती म्हणाली, "तर मग दोघींचंही संपलं."
हरीण बाई असतं हे तिनं गृहीत धरलेलं.

माझे वडील इचलकरंजीला मागाच्या मोटारी भरायचे.
म्हणायचे, डाग दिलास की ओढून बघ,
मायेनं नाही, वैऱ्यासारखी ओढ.
मी सगळे सांधे ओढले.
एक सोडून. तो हेडलाइटच्या मागे होता, हात पुरत नव्हता,
रात्रीचे साडेबारा वाजले होते.

जूनमध्ये ती निघाली. तिच्यामागे मीही निघाले,
म्हणजे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून
एका हिरव्या ठिपक्यामागे.
दर पाच मिनिटांनी तो एक उडी मारायचा.
मेनमधलं दीपगृह. आर्कान्सातली बंद पडलेली कोठडी.
आयडाहोत रस्त्याकडेचा सिमेंटचा बटाटा.
प्रत्येक ठिकाणी झेंडा धरून फोटो, कागदावर वेळ, मैलांचा आकडा;
एक आकडा चुकला की तिथवरची सगळी वाट फुकट.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या.
दोनदा डाळ लागली.

आठव्या रात्री ठिपका थांबला.
मोंटाना, जॉर्डन गावाच्या पश्चिमेला.
पाच मिनिटं. दहा.
झोपली असेल एखाद्या बाकावर, हेल्मेटसकट,
अशीच झोपते म्हणाली होती.
वीस.
उपग्रहाच्या चित्रात मी बाक शोधला. नव्हता. झाडही नव्हतं.
चाळीस.
फोन वाजला. तोंडात टॉर्च असावा, शब्द बोबडे येत होते:
"दिवे गेले. सगळे. लाल की पिवळी?"
मी म्हटलं, पिवळी.
आणि मग, विचारलं नसताना,
"ती मी ओढून पाहिली नव्हती."
पलीकडे नुसता वारा.
"बरं," ती म्हणाली. "इथे एक हरीण आहे. बघतंय."

दोन तारांना पीळ, वर चिकटपट्टी. एवढंच.
ठिपक्यानं उडी मारली तेव्हा
मी ओट्याची कड धरून उभी होते,
किती वेळ, माहीत नाही. बोटांवर वळ होते.

शेवटच्या नाक्यावर ती सतरा मिनिटं उशिरा पोचली.
मिनिटागणिक गुण कापतात.
एकोणिसावी आली असती, एकतिसावी आली.
हा हिशोब मी केला. तिनं नाही.

परतली तेव्हा डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी खूण,
उजवा तळहात मिटत नव्हता.
पैसे देऊ लागली. मी नको म्हटलं.
"मग त्या पिवळीचे तेवढे वळते कर,"
आणि बिलातून वीस डॉलर स्वतःच कापून
बाकीचे तिनं ओट्यावर ठेवले,
डाव्या हातानं, नोटेला नोट लावून,
पत्रं लावतात तसे.

दुसऱ्या दिवशी मी नवा डाग द्यायला बसले.
"राहू दे," ती म्हणाली, "हिनं मला तीन हजार मैल आणलंय.
आधी ओढून तर बघ."

मी ओढली.

हातात आली.