दहापैकी सहा

डंडीत निकाल सकाळी आठला लागला.
दहापैकी सहा. एकाने साडेपाचच दिले,
वर शेरा : शहर अफाट, पण आत कुणी राहत नाही.
खरं आहे. राहायला येणार होती माणसं,
यादीही केलेली,
मार्चमध्ये पैसे संपले.

घोडा छपरावर चढतो, उतरत नाही.
पाद्री कमरेपर्यंत भिंतीत रुतून
आशीर्वाद देत राहतो.
लोक हसले. मीही हसले, मॉर्व्हेनही,
मग ती किटली भरायला उठली
आणि बराच वेळ नळ वाहतच राहिला.

माझ्याकडे सीगल होते. तीन वर्षं.
त्यांच्यावर एकच ओळ, तीही तिसऱ्या परीक्षणात :
पक्षी हवेत अडकतात, पंख हलत नाहीत.

दुपारी टे नदीच्या काठी चिप्स घेऊन बसले.
वारा असा की कागद मांडीवर ठरेना.
समोर, कठड्याच्या हातभर वर, एक सीगल
पंख ताणून जागच्या जागी,
हलेना डुलेना.
मी मोजत गेले. अकरा सेकंद.
कुणाला तरी दाखवावा म्हणून
मान वळवली,

तेवढ्यात पुड्यातली सगळ्यात लांब चिप गेली.

हे मात्र
मी घातलं नव्हतं.