साम्त्रेदियाला गाडी बदलताना

आमच्या घराखाली मँगनीज निघालं,
त्याला मी काय करणार.
भिंतीतला तडा आधी केसाएवढा होता,
मग बोट जाईल एवढा,
आणि इस्टरनंतर एकदा शेजारच्या एलिकोची कोंबडी
त्यातून थेट माझ्या स्वयंपाकघरात आली.
खाणवाल्यांनी भरपाई दिली.
निम्मी नवऱ्याने नेली, निम्म्यात मी.
वय एक्कावन्न. गुडघ्यांचं जरा जास्त.

कुठे जाणार, असं चियातुरात कुणी विचारत नाही.
विचारतात, कुणाकडे जाणार?

विजेच्या बिलामागे मी तीन गावं लिहिली.

बारी. तिकडे इटलीत. मावसबहीण नुनु तिथे
एका म्हातारीचं सगळं करते.
म्हणते, ये गं लामारा, इथे म्हाताऱ्यांना तोटा नाही.
बोलता बोलता मागून हाक येते, नुनु ओ देते,
आणि तिचा आवाज उठून उभा राहतो,
पदर नसताना सावरल्यासारखा.
मी बारीसमोर काही लिहिलं नाही. खोडलंही नाही.

तिबिलिसी. मुलीचं घर, नववा मजला,
लिफ्टमध्ये नाणं टाकल्याशिवाय ती हलत नाही.
माझ्यासाठी बाल्कनीला काचा लावून घेतल्या होत्या,
पलंगही नवा. मला आवडला तो पलंग, खरंच आवडला.
पण रात्री जावई पाणी प्यायला उठला
तो चोरपावलांनी,
स्वतःच्याच घरात.
दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री तो उठलाच नाही,
तहान लागली असणार, मला माहीत आहे.
सकाळी मी जिन्याने खाली उतरले.

बातुमी. समुद्र.
समुद्राबद्दल मी वाईट बोलणार नाही.
घरमालकीण म्हणाली, हिवाळ्यापुरती देते खोली,
जूनमध्ये पाहुणे येतात.
मग जून ते सप्टेंबर मी कुठे असायचं?
तिने खांदे उडवले. समुद्रानेही
साधारण तसंच केलं.

परतताना साम्त्रेदियाला गाडी बदलायची होती.
साम्त्रेदियाला सगळे गाडीच बदलतात.
फलाटाच्या पायरीत बुटाची टाच अडकली
आणि तिथेच राहिली.
स्टेशनसमोर हिरव्या पत्र्याची टपरी, आत एक माणूस,
तोंडात चार खिळे.
मी उत्तरं जुळवून ठेवली, नेहमीची:
हो, चियातुराची. हो, तीच ती घरं.
नाही, नवरा नाही. मुलगी आहे, चांगली आहे.
त्याने बूट उलटा केला, तळव्यावर अंगठा दाबला,
म्हणाला, एकाची निघाली, आता दुसऱ्याचीही निघेल,
दोन्ही ठेवा.
मग खिळे हातात काढून घेतले आणि विचारलं,
"कधीपर्यंत हवेत?"

बस, एवढंच.
आणि मी, जिची गाडी चाळीस मिनिटांत सुटणार होती,
म्हणाले, "गुरुवारी चालतील."

सोमवार होता.

त्याने खडूने तळव्यावर "गुरु" लिहिलं.
पायात घालायला रबरी चपला दिल्या,
पुरुषी, दोन नंबर मोठ्या.
फटक फटक करत मी बाजारापर्यंत गेले.
पानं गळून गेलेल्या झाडांवर नुसती केशरी फळं,
कुणी दिवे मालवायला विसरल्यासारखी.
एका बाईला विचारलं, इथे तीन रात्रींसाठी खोली मिळेल?
ती म्हणाली, तीनच? तीन रात्रींत चादरसुद्धा
अंगाला सरावत नाही.

गाडी आली, थांबली, मला सोडून गेली.
आजवर सोडून गेलेल्यांमध्ये
हिच्याच पाठीकडे पाहून मला हसू आलं.

रात्री नुनु फोनवर ओरडली,
साम्त्रेदिया? तिथे कुणाकडे?

म्हटलं, बूट टाकलेत गं इथे.