बत्तिसावं घर

साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा
मी कपाटाच्या कडेला चिकटवला तेव्हा
वाइकेनं विचारलं, "हे ऐकतं का?"
"नाही," म्हटलं, "खोलीतली हवा मोजतं फक्त.
दर पाच मिनिटांनी एक आकडा."
"मग घोरणं सुटलं," ती म्हणाली
आणि एल्मारकडे बघून हसली.

तार्तू शहर, आनेलिनची वस्ती.
कारखान्यात ओतलेल्या भिंती क्रेननं उचलून
एकीला एक टेकवत उभी केलेली पाच मजली इमारत,
सांध्यांतून चाळीस हिवाळे आत येऊन गेलेले.
आता तिला दगडी लोकरीचा जाड अंगरखा चढवलाय,
तीन काचांच्या खिडक्या, छतावर पंखे,
आणि आमचा प्रश्न, अनुदानाच्या अर्जात होता तसा:
दुरुस्तीनंतर ऊब किती वाचते,
आणि माणसांना श्वास पुरतो का.

बत्तीस घरं. दोन हिवाळे.
मी विद्यापीठात बसून रेषा वाचते.
एक माणूस झोपलं की रेषा चढते,
दोघं झोपली की जास्त चढते.
पाहुणे आले, कुणी रात्रपाळीला गेलं,
कुणी रुसून बाहेरच्या खोलीत झोपलं,
सगळं कळतं. कुणाला सांगायचं नसतं.

सत्तेचाळीस नंबरमध्ये मात्र
रोज पहाटे तीनला रेषा धाडकन खाली.
खिडकी. उणे अठरात, सताड.
सर म्हणाले, "आपण बुजवतो, हे उघडतात.
वाचवलेलं सगळं रस्त्यावर."

अकरा फेब्रुवारीपासून रेषा निम्म्यावरच राहू लागली.
मी आधी यंत्र तपासलं. बॅटरी. घड्याळ.
मग रकान्यात लिहिलं: रहिवासी, एक.
समीक्षकाचा शेरा आला, हे घर वगळा,
वापर मध्येच बदलला आहे.
वगळलं. एकतीस.
निष्कर्ष एकदम स्वच्छ झाला.

पण तीनचा उतार तसाच होता.

एप्रिलमध्ये डबा काढायला गेले.
एल्मारनं चहा केला, काकडीच्या लोणच्याची बरणी पुढे सरकवली,
कागदावरची रेषा चष्मा वर करून पाहिली.
"यातला तिचा भाग वेगळा काढता येतो?"
हवेत मिसळलं की नाही येत, म्हटलं.
त्यानं मान हलवली,
दुकानदारानं 'संपलंय' म्हटल्यावर हलवतात तशी.
"रात्री खिडकी तुम्ही उघडता?"
(हा प्रश्न यादीतच होता, सतरावा.)
"तिला गुदमरतं," तो म्हणाला.
मग कप फिरवत, "मला तर थंडीच वाजते."

डबा परतीच्या बसमध्ये मांडीवर होता,
बंद करायचा राहून गेलेला.
रात्री आकडे उतरवले तर अगदी शेवटी
एक बारकी चढण:
आठ नंबरची बस, ओले कोट,
त्यांत मी.
नियमानं ती पुसायला हवी.