खाट सात, नाशिकरोड

मोगलकाकांचा मुलगा जाताना म्हणाला,
दोन्हीकडचे कठडे लावून टाका मावशी,
म्हणजे काळजी नाही.
कोणाला, ते बोलला नाही.
देवळालीच्या दिशेने त्याची गाडी वळली.
मी कठड्यावर हात ठेवून उभी राहिले.
डिसेंबरातलं लोखंड, बोटं चिकटतील असं.

नवी होते तेव्हा मलाही वाटायचं,
कठडा वर म्हणजे माणूस जाग्यावर.
मग चार नंबरच्या यमुनाबाई.
मुंबई नाक्याहून आणलेली हवेची गादी
खाटेला चार बोटं अपुरी,
आणि त्या चार बोटांत पहाटे सापडलेला त्यांचा दंड, जांभळा.
ओरडल्या नव्हत्या.
त्यांना वाटलं, कुणीतरी धरून बसलंय.

तेव्हापासून शेवाळे सिस्टर
गादी आणि गजांमध्ये मूठ घालायला लावतात.
मी बांगड्या वर सारते आणि घालते.
मूठ अडली की बरं वाटतं.
आयुष्यात दुसरं काही अडल्याचं असं बरं वाटलेलं नाही.

पहिल्या रात्री पावणेतीनला मालगाडीचा भोंगा आला,
मी धावले.
काकांचा एक पाय गजांपलीकडे, एक अलीकडे,
घोड्यावर बसावं तसे. हातात टॉवेल, तो हलवत होते.
पडले असते तर खाटेवरून नाही,
कठड्याच्या उंचीवरून पडले असते.

ओढ्याच्या फाटकावर होते ते, एकतीस वर्षं.
सकाळी मी विचारलं, कठडा लावू का?
बराच वेळ गजच मोजत राहिले.
मग म्हणाले, फाटक पाडलं की माणूस थांबतो
असं साहेब लोकांना वाटतं.
सायकल आडवी करून जातात, बाई. दुधाचे कॅन घेऊन जातात.
एकदा एक जण लेकराला कडेवर घेऊन
पुढचं त्यांनी गिळलं. मी पाणी दिलं.

आता खाट एकदम खाली, जमिनीला टेकेल इतकी.
खिडकीकडचा कठडा वर, कुशीवर वळताना धरायला.
दाराकडचा खाली, तिथे चपला, बोटं दाराकडे करून.
घंटीची दोरी उशीच्या अभ्र्याला,
पाणी हाताच्या अंतरावर.
मुलाचा फोन आला, एकच का लावलाय?
मी म्हटलं, तुम्ही या एकदा रात्री. तो येतो म्हणाला.

अडीचला मी त्यांना उठवते.
खाट वर घेते, त्यांच्या गुडघ्याइतकी.
चाकाचं लॉक पायाने दाबून बघते,
मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर.
संडासातून परतताना कॉरिडॉरमध्ये गाडी गाठतेच.
थांबा, म्हणतात. थांबतो आम्ही दोघं,
ट्यूबलाइट फडफडते, सलाइनचा स्टँड किणकिणतो,
काका ताठ, हात पुढे धरलेला, मूठ वळलेली,
त्या मुठीत काय आहे ते मला दिसत नाही.
डबे संपता संपत नाहीत.
मग हात खाली येतो. आता सोडा.

खाट पुन्हा खाली.
खिडकीकडची खिट्टी ओढते. टक् वाजलं तरी
हलवून बघते.
रजिस्टरमध्ये लिहिते:
२.५५. खाट ७. लघवी झाली. कठडा एक, विचारून.
गाडी गेली.

सकाळी शेवाळे सिस्टरनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं,
आणि शेवटची ओळ न खोडता
खाली सही केली.